भूमिकाखेळासाठी परग्रहवासी प्रजाती कशी रचावी

विज्ञानकथेच्या पार्श्वभूमीवरील भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो, तर खेळसूत्रधार, म्हणजे कथानकाची चौकट मांडणारा खेळाडू, उरलेले सगळे जग सांभाळतो. असा खेळ घरी, महाविद्यालयात किंवा मित्रमंडळींत सुरू केलेल्या वाचकांवर स्वतःची परग्रहवासी प्रजाती रचण्याची वेळ आली की तेच ते प्रश्न पुन्हा उभे राहतात: प्रजाती माणसाहून किती वेगळी असावी, आधी शरीर ठरवावे की संस्कृती, नियमांतील गुणांक केव्हा लिहावेत, चित्रपटात पाहिलेल्या प्रजातीवरून काही घेतले तर चालते का, आणि आपली रचना दुसऱ्याने उचलली तर काय करावे. पुढील विवेचनात या प्रश्नांची उत्तरे एकाच उदाहरणाच्या आधाराने दिली आहेत, आणि ते उदाहरण मुद्दाम सुरतेच्या परिसरातून घेतले आहे, कारण परग्रहाची कल्पना करण्यासाठी लागणारी सामग्री तापीच्या मुखाशी मुबलक आहे.

या विवेचनामागील धारणा आरंभीच सांगणे योग्य ठरेल. दहा विचित्र अवयव एकत्र जोडून प्रजाती मौलिक होत नाही. एकच भौतिक बंधन निवडून त्याचे परिणाम शरीरात, घरात, भाषेत आणि व्यवहारात जिथवर जातात तिथवर नेटाने शोधत गेल्यास ती आपोआप वेगळी होते, आणि ज्या परिणामामुळे खेळाडूला टेबलावर एखादा निर्णय घ्यावा लागत नाही तो परिणाम, कितीही सुंदर असला तरी, खेळाच्या दृष्टीने अलंकारच राहतो.

तारा आणि जग

काल्पनिक ताऱ्यापेक्षा खरा तारा निवडणे बहुधा सोयीचे असते, कारण त्याचे तेज, वस्तुमान आणि अंतर आयते मिळते व त्या आकड्यांतूनच कल्पनेला दिशा लागते. सुरतेतील वाचकांसाठी असा एक तारा जणू राखून ठेवलेला आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये प्रत्येक देशाला एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याची संधी मिळाली, तेव्हा भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा तारा आला. त्याच्यासाठी निवडले गेलेले ‘बिभा’ हे नाव, वैश्विक किरणांवर मोलाचे संशोधन करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ, सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील एका विद्यार्थ्याने सुचवले होते, आणि ग्रहासाठीचे ‘संतमस’ हे झाकोळलेपण सुचवणारे संस्कृत नाव पुण्यातील एका शाळकरी मुलाने सुचवले होते.

संतमस मात्र वस्तीयोग्य नाही. तो गुरूसारखा वायुमय ग्रह असून ताऱ्याला इतका खेटून फिरतो की त्याचे वर्ष सुमारे २.१ दिवसांचे असते, त्यामुळे तिथे पाय टेकवायला पृष्ठभाग नाही आणि उष्णताही प्रचंड आहे. म्हणून आपण त्याच प्रणालीत, पुरेशा अंतरावर, एक दुसरा काल्पनिक ग्रह मांडावा. हे अंतर काढण्याची रीत सोपी आहे: ताऱ्याचे तेज सूर्याच्या किती पट आहे ते घेऊन त्या संख्येचे वर्गमूळ काढले की पृथ्वीइतके ऊन कोणत्या अंतरावर मिळेल ते कळते. बिभाचे तेज सूर्याच्या पावणेदोन पट धरले, तर हे अंतर पृथ्वी आणि सूर्य यांमधील अंतराच्या सुमारे १.३ पट येते, आणि ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या १.२ पट धरले तर तिथले वर्ष आपल्या जवळपास पाचशे दिवसांचे होते.

हा तारा तीनशेहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे पृथ्वीवरून निघालेला रेडिओ संदेश तिथे पोहोचेपर्यंत इथे दहा-बारा पिढ्या उलटतात. प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास आपल्या खेळात शक्य आहे की नाही याचा निर्णय म्हणूनच प्रजातीच्या आधी घ्यावा, कारण तो शक्य नसल्यास त्या ग्रहावरील माणसे पृथ्वीशी संबंध तुटलेली वसाहत ठरतात आणि परग्रहवासीयांशी असलेले त्यांचे सगळे नाते बदलते.

बंधनाची निवड

बंधन शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. खंबातच्या आखातात भरती आणि ओहोटी यांमधील फरक भारतात सर्वाधिक असून काही ठिकाणी तो दहा मीटरांहून अधिक भरतो. डुमस आणि हजिरा यांच्या बाजूला ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरकले की चिखलाचा लांबरुंद पट्टा उघडा पडतो, आणि या खाजणात एक मासा पंखांच्या आधाराने चालताना दिसतो. मराठीत त्याला निवटी म्हणतात, दक्षिण गुजरातेत तो लेवटा या नावाने ओळखला जातो आणि आवडीने खाल्लाही जातो.

निवटीचा जीवनक्रम नीट पाहिल्यास परग्रहवासीयाचा अर्धा आराखडा हातात येतो. ती ओलसर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते, त्यासाठी कातडी सतत ओली ठेवते आणि कल्ल्यांच्या पोकळीत पाणी बाळगते. तिचे डोळे डोक्यावर उंच असतात आणि ते ओले करण्यासाठी ती ते खोबणीत आत ओढून घेते. काही जाती डायाटम, म्हणजे चिखलावर साय धरावी तसा थर धरणारी सूक्ष्म एकपेशीय शैवाले, डोके डावीउजवीकडे हलवत खरवडून खातात. सर्वांत विलक्षण गोष्ट बिळात घडते: चिखलातील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून अंडी बिळातील हवेच्या कप्प्यात चिकटवलेली असतात आणि काही जातींत नर वर येऊन तोंडात हवा भरून घेतो, खाली नेऊन त्या कप्प्यात सोडतो, आणि हे पुन्हा पुन्हा करत राहतो.

आता काल्पनिक ग्रहाला एक चंद्र द्यावा आणि तो आपल्या चंद्राइतकाच जड, पण निम्म्या अंतरावर ठेवावा. भरती निर्माण करणारे बळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून अंतर निम्मे झाले की ते आठपट होते. इथे बहुतेक रचनाकार थांबतात, परंतु खरे पीक पुढेच आहे. पृथ्वीवर सूर्याचे भरतीबळ चंद्राच्या जवळपास निम्मे असते, म्हणूनच अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग येतो. आठपट चंद्रबळापुढे बिभाचा वाटा नगण्य ठरल्याने या ग्रहावर उधाण आणि भांग यांत फरकच उरत नाही, म्हणजे कोळ्याच्या पंचांगाचा कणाच मोडतो. तो परत आणायचा असेल तर चंद्राची कक्षा थोडी लांबट करावी. निम्म्या अंतरावरील चंद्राची एक फेरी पृथ्वीच्या हिशेबाने दहा दिवसांपेक्षा थोड्या कमी काळात पुरी होते, त्यामुळे प्रत्येक फेरीत चंद्र जवळ आला की एकदा ‘थोरली भरती’ येते आणि त्या प्रजातीचा आठवडा, सण, कर्जफेड आणि प्रवास त्या दहा दिवसांच्या चक्राला बांधला जातो. असे एक गणित पाच काल्पनिक देवांच्या नावांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

शरीर: वेगळेपण किती

वेगळेपणाची मर्यादा खेळाडूच्या कल्पनाशक्तीने ठरते. जी प्रजाती खेळाडूला स्वतः साकारायची आहे, तिला निदान एक भूक, एक भीती आणि एक आनंद असा हवा की तो माणसाला आतून समजेल. जी प्रजाती केवळ सूत्रधाराच्या ताब्यात राहणार आहे, ती हवी तितकी अगम्य असू शकते, अगदी सूक्ष्मजीवांच्या पातळीचीही. या दुसऱ्या प्रकारासाठी मराठी वाचकाला जवळचा संदर्भ डॉ. जयंत नारळीकर यांचा आहे. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांच्या साहाय्याने वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले गेले, आणि त्यांत सापडलेल्या जिवाणूंच्या तीन नव्या जातींची घोषणा २००९ मध्ये झाली. अतिनील किरणांचा त्या जाती असाधारण प्रतिकार करत होत्या, मात्र त्या पृथ्वीबाहेरून आल्याचे त्यातून सिद्ध झाले नाही. सूत्रधाराने असा संशय खेळात बराच काळ जिवंत ठेवावा, कारण उत्तर मिळाल्यावर संपणारे कुतूहल अनुत्तरित असताना अनेक बैठका पुरते.

उदाहरणातील प्रजाती खेळाडूंनी साकारण्यासाठी आहे, म्हणून तिचे शरीर पुढीलप्रमाणे मर्यादित ठेवले आहे.

- उंची दीड मीटरच्या आसपास, पुढचे दोन अवयव जाड आणि पसरट. चिखलावर वेग माणसाच्या दुप्पट, कोरड्या फरशीवर मात्र निम्मा.
- श्वास कातडीतून. कोरड्या हवेत दर चार तासांनी अंग ओले करावे लागते, नाहीतर धाप लागते आणि पुढे ग्लानी येते.
- डोळे डोक्यावर, दोन्ही स्वतंत्र फिरणारे, त्यामुळे पाठीमागून गुपचूप येणे जवळपास अशक्य. पण डोळा ओला करताना तो काही क्षण आत जातो, म्हणून विश्वासातल्या सोबत्याजवळच दोन्ही डोळे एकाच वेळी मिटले जातात.
- अंडी बिळात आणि पिता हवा वाहणारा. पिता एक फेरी चुकला तर काय होते हे प्रत्येकाला ठाऊक असते.

शेवटच्या कलमावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ज्या समाजात प्रत्येक व्यक्ती कुणीतरी तोंडातून आणून दिलेल्या हवेवर जन्मली आहे, तिथे वचन देणे म्हणजे काय असेल? ‘तुझ्यासाठी श्वास आणीन’ हे तिथले सर्वांत जड वाक्य ठरेल, करार तोंडी असतील आणि ते मोडणाऱ्याला दंड करण्याऐवजी कुणीही त्याच्याकडे काही सोपवणे बंद करील. सुरतेच्या हिरेबाजारातील आंगडिया, म्हणजे लाखोंचा माल आणि रोकड मुख्यतः शब्दाच्या भरवशावर एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवणारा वाहक, ज्यांनी पाहिला आहे त्यांना अशी व्यवस्था परकी वाटणार नाही. तरीही आंगडियांची पद्धत जशीच्या तशी परग्रहावर नेऊ नये, तिच्यातील विश्वासाचे तत्त्व घ्यावे आणि त्याला नव्या शरीराचे कारण द्यावे.

समाज: अग्नीचा प्रश्न

ओल्या खाजणात राहणाऱ्या प्रजातीच्या रचनाकाराला एक अवघड प्रश्न टाळता येत नाही: जिथे चूल पेटत नाही तिथे धातू कसा वितळणार, आणि धातूविना ही मंडळी अंतराळयानापर्यंत पोहोचणार कशी? हा प्रश्न दडपणारी रचना चौथ्या-पाचव्या बैठकीत उघडी पडते, कारण एखादा चौकस खेळाडू तो विचारतोच.

इथे स्वीकारलेले उत्तर असे की समाज दोन काठांत विभागलेला आहे. खालच्या काठावरचे लोक खाजणात राहतात, अन्न पिकवतात आणि अंडी सांभाळतात, तर वरच्या काठावरचे लोक थोरल्या भरतीलाही पाणी पोहोचत नाही अशा खडकावर राहून भट्ट्या चालवतात, त्यासाठी अंगाभोवती ओली वस्त्रे गुंडाळतात आणि ती वस्त्रे सतत ओली ठेवणाऱ्यांवर जिवासाठी अवलंबून असतात. एका काठाकडे धातू आहे, दुसऱ्याकडे पुढची पिढी. या एका विभागणीतून खेळासाठी पुरेसा ताण निर्माण होतो, आणि ‘एक ग्रह, एक स्वभाव’ हा विज्ञानकथांतील जुना दोषही टळतो, ज्यात संपूर्ण प्रजाती लढवय्यी किंवा संपूर्ण प्रजाती व्यापारी दाखवली जाते. सुरतेला तापीकाठी राहणाऱ्याने आपल्याच शहराकडे पाहावे: हिऱ्यांचे कारखाने, यंत्रमाग, जरीकाम, बंदर आणि खाडीतली मासेमारी यांपैकी कोणत्याही एका व्यवसायाने शहराचा स्वभाव सांगता येत नाही.

मालमत्तेचा विचारही याच ओघात करावा. थोरली भरती दर दहा दिवसांनी खुणा पुसून टाकत असल्यामुळे जमिनीवरची हद्द टिकत नाही, म्हणून खालच्या काठावर हद्द ‘लक्षात ठेवणारे’ लोक असतात आणि त्यांच्या साक्षीवर बिळाची मालकी ठरते. असा साक्षीदार मरण पावला किंवा फितूर झाला तर काय होते, हे सांगणारी एक बैठक सहज उभी राहते.

भाषा आणि नाव

नाव शेवटी ठेवावे, कारण ते शरीरातून यायला हवे. तोंडात पाणी धरून ठेवणाऱ्या जीवाला ओठ उघडून उच्चारायचे ध्वनी अवघड जातील आणि अनुनासिक ध्वनी सोपे, म्हणून ही प्रजाती स्वतःला ‘उम्हण’ म्हणवते. माणसांनी मात्र त्यांना ‘लेवटे’ हे नाव दिले आहे. ते एका खाण्याच्या माशाचे नाव असल्याचे उम्हणांना कळते तो प्रसंग सूत्रधाराने हातचा राखून ठेवावा. परकीयांनी दिलेले नाव आणि स्वतःचे नाव यांमधील अंतर दाखवण्यासाठी याहून मोठ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

नाव पक्के करण्यापूर्वी ते मराठी, गुजराती, हिंदी आणि शक्य तितक्या शेजारच्या भाषांत मोठ्याने उच्चारून पाहावे, आणि एखाद्या जातीचे, जमातीचे किंवा शिवीचे नाव त्यात डोकावत नाही याची खात्री करावी. ङ, म, ण अशा अनुनासिकांची उलटसुलट जुळणी करताना मुंडा किंवा डोम यांसारख्या खऱ्या समाजांच्या नावांपाशी नकळत पोहोचणे फार सोपे आहे.

चिखलात आवाज नीट पोहोचत नसल्याने उम्हण स्पर्शानेही बोलतात. भारतातील हिरेबाजारांत रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवण्याची पद्धत होती, ज्यात भोवती उभ्या असलेल्या कुणालाही सौदा कळत नसे, आणि ही पद्धत टेबलावर थेट वापरता येते: उम्हण साकारणाऱ्या दोन खेळाडूंना रुमालाखाली बोटांनी काही ठरावीक खुणा करू द्याव्यात आणि बाकीच्यांनी अंदाज बांधावा. पाच खुणा पुरेत, पंचवीस ठेवल्या तर कुणीच वापरत नाही.

फाशांचे गणित

गुणांक नावाच्याही नंतर लिहावेत, परंतु निष्काळजीपणे लिहू नयेत. १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हलर’ या विज्ञानकथात्मक खेळाच्या परंपरेत दोन सहापैलू फासे टाकून बेरीज आठ किंवा अधिक आली की कृती यशस्वी मानली जाते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ मध्ये हे घडते, म्हणजे यशाची शक्यता सुमारे ४२ टक्के. एक गुण वाढवून दिला की ती ५८ टक्के होते आणि दोन गुण दिले की ७२. नवशिक्या रचनाकाराला ‘अधिक दोन’ हा किरकोळ लाभ वाटतो, प्रत्यक्षात तो हरणाऱ्याला जिंकणारा बनवतो. म्हणून कोणत्याही प्रजातीला जन्मजात लाभ एक गुणाचेच द्यावेत आणि अपवाद एखादाच ठेवावा.

उम्हणांसाठी पुढील नियम पुरेसे ठरतात.

1. चिखलात व पाण्यात हालचालीच्या कृतींना अधिक एक, कोरड्यात उणे एक.
2. मागून होणारा हल्ला ओळखण्यासाठी अधिक दोन. हा तो एकमेव अपवाद.
3. ‘ओल’ नावाची सहा चौकटींची पट्टी. कोरड्या हवेत दर चार तासांनी एक चौकट खोडावी, तीन उरल्या की सर्व कृतींना उणे एक, एकही न उरल्यास पात्र बेशुद्ध.
4. दुसऱ्या कोणत्याही पात्राने आपल्या पिण्याच्या पाण्यातून वाटा दिला तर दोन चौकटी परत मिळतात.

चौथा नियम वरवर साधा दिसतो, तरी सगळ्या रचनेचे वजन त्याच्यावर आहे. माणसाचे पिण्याचे पाणी आणि उम्हणाचा श्वास एकाच पखालीत असल्यामुळे वाळवंटी चंद्रावर अडकलेल्या गटाला दर चार तासांनी एकमेकांकडे पाहून ठरवावे लागते, आणि असे ठरवणे हाच भूमिकाखेळाचा गाभा आहे.

चाचणीसाठी निदान तीन बैठका घ्याव्यात: एक चिखलात, एक कोरड्यात आणि एक जिथे शरीराचा प्रश्नच येत नाही अशा वाटाघाटीत. तिसऱ्या बैठकीत उम्हण साकारणारा खेळाडू माणसासारखाच बोलू लागला, तर संस्कृतीचा भाग कच्चा राहिला आहे असे समजावे. प्रत्येक खेळाडूच्या हाती द्यायचे प्रजातीपत्र एका पानाहून मोठे नसावे. उरलेली पंधरा पाने सूत्रधाराच्या वहीत असू द्यावीत.

टाळावयाच्या चुका

सर्वांत गंभीर चूक म्हणजे परग्रहवासीयाच्या आडून खऱ्या समाजाची नक्कल करणे. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळ खानदेशातून आलेली आहेत आणि त्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते. खालच्या काठावरचे उम्हण ‘अडाणी’ दाखवण्यासाठी त्यांच्या तोंडी अहिराणीचा हेल घातला, तर टेबलावर बसलेल्या कुणाच्या तरी आजीची भाषा हास्यास्पद ठरते, आणि त्या खेळाडूने काही बोलून दाखवले नाही म्हणून दुखापत झाली नाही असे होत नाही. ज्याला अहिराणी येते त्याने ती आदराने, एखाद्या विद्वान किंवा नेतृत्व करणाऱ्या पात्राच्या तोंडी घातली तर गोष्ट वेगळी.

दुसरी चूक आपत्तीच्या वापराची आहे. थोरली भरती, बिळे बुडणे, परग्रहावरून आलेला संसर्ग हे सगळे विषय या खेळात स्वाभाविकपणे येतात, परंतु सप्टेंबर १९९४ मधील प्लेगची साथ आणि ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहर बुडवलेले दिवस सुरतेच्या अनेक घरांत अजून ताजे आहेत. पहिल्या बैठकीपूर्वी प्रत्येकाला विचारून कोणते विषय अजिबात नकोत आणि कोणते केवळ ओझरते चालतील याची यादी करावी, आणि खेळ चालू असताना कुणीही कारण न सांगता प्रसंग थांबवू शकेल अशी एक खूण ठरवावी.

तिसरी चूक पहिल्या भेटीच्या प्रसंगात होते. परग्रहवासी भोळे आणि माणसे हुशार, किंवा नेमके उलटे, अशी मांडणी इतिहासाला धरून नाही. सतराव्या शतकातील सुरत बंदरात इंग्रज, डच, आर्मेनियन आणि अरब व्यापारी उतरत होते, तेव्हा त्यांचे सौदे इथल्या दलालांच्या आणि दुभाष्यांच्या मदतीवाचून होत नसत आणि विरजी व्होरासारखा स्थानिक सावकार इंग्रजांच्या वखारीला कर्ज देत होता. खेळातही पहिल्या भेटीच्या वेळी दुभाषा, दलाल आणि सावकार ही तीन पात्रे आधी रचावीत. सेनापती नंतर आला तरी चालतो.

हक्क आणि परवाने

घरगुती बैठकीत चित्रपटातील किंवा पुस्तकातील प्रजाती वापरण्याने अडचण येत नाही, कारण भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ खासगी व वैयक्तिक वापरासाठीच्या न्याय्य वापराला मुभा देतो. रचना छापून, विकून किंवा सार्वजनिकरीत्या वाटण्याचा विचार सुरू झाला की मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

- कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. ‘खाजणात राहणारी, कातडीने श्वास घेणारी प्रजाती’ ही कल्पना कुणीही वापरू शकतो, तिचे वर्णन, चित्र आणि विशिष्ट तपशिलांची गुंफण यांवर रचनाकाराचा हक्क असतो. प्रसिद्ध प्रजातींची नावे अनेकदा व्यापारचिन्ह म्हणूनही संरक्षित असतात, म्हणून ती स्वतंत्रपणे टाळावीत.
- मुदत. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. एच. जी. वेल्स यांचे निधन १९४६ मध्ये झाल्याने त्यांच्या कादंबरीतील मंगळवासी भारतात २००७ पासून मुक्तपणे वापरता येतात. नारळीकरांचे निधन २०२५ मध्ये झाले, त्यांच्या कथांतील निर्मिती वापरण्यासाठी परवानगी घ्यावीच लागेल.
- नोंदणी. हक्क लिहिल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. साहित्यकृतीसाठीचे शुल्क पाचशे रुपये असून अर्जानंतर आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावे लागते.
- दुसऱ्याच्या नियमांवर आधारित रचना. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंग्रह जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, आणि श्रेय देऊन तो व्यावसायिक कामातही वापरता येतो. इतर खेळांचे परवाने वेगवेगळे असतात, ते प्रत्येक वेळी मुळातून वाचावेत.
- हस्तांतर. प्रकाशकाला हक्क द्यायचे तर करार लेखी आणि स्वाक्षरीचा हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत. हक्क विकल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव मागण्याचा अधिकार कलम ५७ नुसार रचनाकाराकडेच राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गटाने मिळून केलेल्या रचनेत सर्वाधिक वाद होतात, कारण कोणते वाक्य कोणाचे हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली, तेव्हा तिच्या प्रतींवर हक्कधारक म्हणून त्यांच्याबरोबर दुसऱ्या एका मध्यस्थाचेही नाव छापले गेल्याचे त्यांना नंतर आढळले, आणि तो चित्रपट कधीच पडद्यावर आला नाही. इतक्या मोठ्या कलावंताची ही गत झाली, हे लक्षात घेता मित्रांच्या गटातही कागद करण्याचा संकोच बाळगू नये. प्रत्येक बैठकीनंतर वहीत तारीख, उपस्थितांची नावे आणि त्या दिवशी कोणी काय सुचवले हे चार ओळींत लिहून सगळ्यांची सही घ्यावी, आणि प्रजातीपत्राच्या तळाशी रचनाकारांची नावे, वर्ष, वापरलेल्या नियमांचा परवाना आणि ज्यांनी तिन्ही चाचणी बैठका खेळून काढल्या त्या खेळाडूंची नावे, त्यांच्या संमतीने, न चुकता छापावीत.